हिरव्या दोऱ्याची वांगी

आज सकाळी जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी पाल्याचं पोतं आणून ठेवलं आणि माझ्या काळजात धस्स झालं. वाळक्या पानांच्या पोत्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे मलाही कळतं. पण गेल्या वर्षीपासून पानगळ सुरू झाली की मला दोन गोष्टींची धास्ती वाटते. एक पाल्याची पोती आणि दुसरी वांगी. लोकांना सांगितलं की हसतात. हसू देत.

पोत्याचं तोंड उघडून पाहिलं. वर शिरीषाची बारीक पानं, खाली पिंपळाची मोठी, आणि मधूनच कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फुग्याचा तुकडा. वास तोच, कोरडा आणि थोडा धुळकट, नाकात गेला की शिंक आणणारा. शिंक आली आणि तिच्यामागून गेल्या वर्षीचा तो अख्खा ऋतू आला.

पानगळीत आमच्या सदाशिव पेठेतली काही माणसं सकाळी फिरायला जाताना पोतं घेऊन जातात. बाहेरच्या माणसाला वाटेल, बिचाऱ्यांवर काय वेळ आली. वेळबीळ काही नाही, हे गच्चीवर बाग करणारे लोक. मातीशी यांचं फारसं जमत नाही, कारण माती जड, मातीनं गच्ची गळते आणि गच्ची गळली की खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात. म्हणून भाजीवाल्यांचे जुने क्रेट घ्यायचे, तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर पाला, त्यावर घरातला ओला कचरा, मूठभर माती, पुन्हा पाला. आणि हे सगळं पायांनी तुडवायचं. क्रेटमध्ये उभं राहून नीट दाबून तुडवलं नाही तर आठवड्यात पाला खाली बसतो आणि रोप खड्ड्यात जातं. आंब्याचा पाला लवकर कुजत नाही, शिरीषाचा पटकन कुजतो, यावर ही माणसं तासभर वाद घालू शकतात. मीही त्यांतलीच.

तर झालं असं, की आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मुक्ता समुपदेशन करते. तिच्याकडे येणारी मुलं बहुतेक आमच्याच पेठेतली, म्हणजे पेठेत राहणारी. वाशिम, यवतमाळ, बुलढाण्याहून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली. एका खोलीत चार खाटा, अभ्यासिकेत ठरलेली खुर्ची, मेसमध्ये ठरलेलं ताट. वर्षानुवर्षं मी त्यांना रस्त्यावर पाहत आले होते. पाठीवर सॅक, हातात चहाचा कप, आणि चहा पितानाही कसल्याशा सनावळ्या पुटपुटत असलेली. गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला मुक्तानं सोसायटीच्या सभेत विचारलं, रविवारी सकाळी गच्ची मिळेल का, माझ्या काही मुलांना घेऊन बाग करायची आहे.

आमचे अध्यक्ष आपटे. सत्तरीचे, ताठ, शर्टाच्या खिशात कायम मोजपट्टी. ते म्हणाले, "मुक्ता, बोलून बरं वाटत नाही म्हणून पाला तुडवायचा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"पुस्तकांतून जरा बाहेर काढायचंय काका त्यांना," मुक्ता म्हणाली.

आपट्यांनी मोजपट्टी काढली, गच्चीचा कुठला कोपरा द्यायचा ते मोजून ठरवलं आणि परवानगी दिली. मी थक्क झाले. आमच्या सोसायटीत कपडे वाळत घालायच्या दोरीवरून तीन सभा झाल्या आहेत.

पण खरा धक्का पहिल्या रविवारी बसला. मला वाटलं होतं, तरुण मुलं येणार म्हणजे गोंगाट होणार, गाणी लावणार, खालचे तक्रार करणार. मुलं आली, गच्चीच्या दारात चपला काढल्या आणि कठड्याला टेकून एकेकटी उभी राहिली. इतकी गप्प तरुण मुलं मी तोवर फक्त दवाखान्याच्या बाकावर पाहिली होती. एकानं मला विचारलं, "मॅडम, पाणी प्यायची परमिशन आहे का?" प्यायच्या पाण्याची परवानगी! दुसरा मध्येच म्हणाला, "म्हणजे आज संडे आहे?" तो विनोद करत नव्हता. त्याला खरंच वार माहीत नव्हता.

मुक्तानं एकच नियम सांगितला. गच्चीवर कुणी कुणाला निकाल विचारायचा नाही. प्रिलिम झाली का, मेन्स कधी, कितवा अटेम्प्ट, काही नाही. मला तो नियम आवडला. पुण्यात एखादी गोष्ट विचारू नका म्हटलं की आम्हाला आपण फार सुसंस्कृत आहोत असं वाटतं.

मग पाला तुडवायला सुरुवात झाली. आधी लाजत, मग जरा जोर लावून. वाळक्या पानांचा तो कुरकुर आवाज गच्चीभर झाला आणि कुणीतरी हसलं. एकेक जण थांबला, क्रेटमधून उतरला. एक मुलगी मात्र थांबेना. सडपातळ, पंचविशी नुकतीच ओलांडलेली, केस घट्ट बांधलेले. ती तुडवत होती, तुडवत होती, पानांचा भुगा झाला तरी तुडवत होती. क्रेटची एक बाजू कडकन फुटली तेव्हा ती भानावर आली आणि लगेच म्हणाली, "सॉरी काकू. मी भरून देते." तिचा चेहरा ओला होता. पाला तुडवताना रडणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी म्हटलं, "जुनाच होता. दुसरा घे."

ही शीतल. वाशिमजवळच्या एका गावची. आई घरी ब्लाऊज शिवते, वडील शाळेत शिपाई. गावातून पुण्याला शिकायला आलेली पहिली मुलगी. मुक्ता तिच्याबद्दल कधी काही बोलली नाही, ती कुणाबद्दलच बोलत नाही. पण शीतल जिना चढताना मुक्ता दारात उभी राहून पावलं वर गेल्याची खात्री करून घेते, हे मी पाहिलं होतं.

प्रत्येकाला एकेक क्रेट मिळाला. आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून त्या क्रेटमध्ये खोचल्या. कुणी मेथी लावली, कुणी टोमॅटो, कुणी मिरच्या. शीतलनं वांगी लावली. बी आईनं गावाहून पुडीत बांधून पाठवलेलं होतं. "आमच्याकडच्या वांग्याचं भरीत खाल्लं न काकू, तर तुमचं पुण्याचं वांगं तुम्ही तोंडात घेणार नाही," ती म्हणाली. हे तिचं माझ्याशी पहिलं मोठं वाक्य. मला इतका आनंद झाला, की पुण्याच्या वांग्याचा अपमान मी गिळला.

त्या दिवसांचं काय काय आठवतं. कोवळ्या उन्हात ओल्या क्रेटमधून निघणारी वाफ. बोटांना लागलेला टोमॅटोच्या पानांचा उग्र वास, साबणानंही न जाणारा. एका सकाळी वार विसरणारा तो मुलगा मला म्हणाला, "काकू, परवा संडे, मी मेथी कापणार," आणि मी स्वयंपाकघरात येऊन उगीचच ओट्याला धरून उभी राहिले. खाली रस्त्यावर झाडणाऱ्या बायका आमच्यासाठी पानांचा ढीग बाजूला ठेवू लागल्या होत्या. काटेसावरीची लाल फुलं पाल्यात सापडायची, ती मुलं कठड्यावर ओळीनं मांडायची. आपटे तर रोज पहाटे वर जाऊन रोपांची उंची मोजायचे. त्यांना वाटायचं कुणाला माहीत नाही.

शीतलचं झाड तरारून वाढलं. पानं हाताएवढी, काटे टोकदार, जांभळी फुलं भरपूर. पण फुलं यायची आणि गळायची. वांगं काही लागेना. आपट्यांनी आंबट ताक फवारायला सांगितलं. कुणी म्हणालं, रंगाच्या बारीक ब्रशनं फुलांना गुदगुल्या कर. तिनं ताक फवारलं, ब्रश आणला, रविवार सोडून अधल्यामधल्या वारीही येऊ लागली. गच्चीची किल्ली माझ्याकडे असते, ती मागायला दारात उभी राहिली की पहिला प्रश्न तोच. "काकू, वांगं लागन न?" वांग्याचं बोलताना तिची पुण्याची बोली सुटायची आणि घरची यायची. मी म्हणायचे, "लागेल गं, त्यात काय एवढं." तिच्यासाठी त्यात किती होतं, याचा मला पत्ता नव्हता.

इथं पुण्याबद्दल एक सांगायला हवं. आम्हाला स्पर्धा घेतल्याशिवाय चैन पडत नाही. रांगोळी काढली, स्पर्धा. मोदक केले, स्पर्धा. किल्ला, आकाशकंदील, हस्ताक्षर, उखाणे, सगळ्याला पहिला, दुसरा, तिसरा आणि जो यांत बसत नाही त्याला उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थ हा प्रकार कुणी काढला कोण जाणे. तू हरलास पण आमचं तुझ्याकडे लक्ष आहे, असं स्टीलची वाटी देऊन सांगायचं. वर्षानुवर्षं हे पाहिल्यामुळे यात कुणाला काही लागू शकतं, हे आमच्या मनातही येत नाही.

मुक्ता एका लग्नासाठी गावी गेली होती त्या रविवारी आपट्यांनी चहा पिता पिता जाहीर केलं, "पाडव्याच्या आधीच्या रविवारी आपण छोटीशी स्पर्धा ठेवू. सर्वोत्तम क्रेट. बक्षिसं माझ्याकडून." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मुक्ता परत आली तेव्हा सूचनाफलकावर कागद लागला होता आणि मुलंच उत्साहात होती. तिनं तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "ठीक आहे. मजा म्हणून." निकाल विचारायचा नाही असा नियम असलेल्या गच्चीवर आम्ही निकाल लावायला निघालो होतो, हे एवढ्या शिकलेल्या माणसांत एकाच्याही लक्षात आलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी शीतल सगळ्यांच्या आधी किल्ली न्यायला आली. हातात कापडी पिशवी. "पाणी घालते काकू," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता वर गेली.

नंतर आम्ही सगळे वर गेलो आणि मी ओरडलेच. शीतलच्या झाडाला वांगी लागली होती! जांभळी, तुकतुकीत, देठाला बारीक काटे असलेली, पानांआडून डोकावणारी. आदल्या संध्याकाळी मी स्वतः त्या झाडाला पाणी घातलं होतं, तेव्हा त्यावर गळकी फुलं सोडून काही नव्हतं. एका रात्रीत वांगी लागत नाहीत, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. पण आनंदानं माणूस किती आंधळा होतो पाहा, मी टाळ्या वाजवल्या. बाकीची मुलं वाकून वाकून पाहू लागली. शीतल कठड्याशी उभी होती, पहिल्या रविवारी उभी होती तशीच.

आपटे चष्मा सावरत आले. खिशातून मोजपट्टी काढली. एक वांगं मोजायला म्हणून हलक्या हातानं उचललं, आणि ते त्यांच्या हातात आलं. देठाला हिरवा दोरा लोंबत होता.

मी दोऱ्याकडे पाहत होते. पानांच्या रंगाला इतका अचूक जुळणारा हिरवा, की मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर पान ठेवूनच घेतला असणार. शिवणकाम करणाऱ्या आईची मुलगी. मंडईतून देठासकट कोवळी वांगी निवडून आणायची, काट्यांनी बोटं ओरबाडून घेत एकेक देठ फांदीला बांधायचा आणि वर पान ओढून घ्यायचं.

"शीतल," मुक्ता अगदी हळू म्हणाली, "का गं?"

शीतल आपट्यांच्या हातातल्या वांग्याकडे बघत होती. "मले वाटलं," ती म्हणाली, "अठीबी नापास झाली, त तुमी मले येऊ नाही देसान."

आणि ती जिन्यावरून खाली धावत गेली.

मी आयुष्यात पुष्कळ वाईट वाक्यं ऐकली आहेत. पण त्या वाक्यानं मला जसं हलवलं तसं कुणी हलवलं नव्हतं. पाला, क्रेट, काड्या, कोवळं ऊन, सगळं आम्ही तिच्यासाठी मांडलं होतं आणि त्यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. तिला ही बाग म्हणजे आणखी एक परीक्षा वाटत होती, जिथं नापास झालं की नाव काढून टाकतात. आणि असं तिला उगीच वाटलं नव्हतं, आम्ही फलकावर तसा कागद लावला होता.

मुक्तानं माझा दंड धरला. "काकू, तिला एकटं राहू द्यायचं नाही," एवढंच म्हणाली. पण ते तिनं ज्या आवाजात म्हटलं, त्यावरून मला सगळं कळलं. इतके दिवस ती दारात उभी राहून कशासाठी पावलं ऐकत होती तेही कळलं.

सगळे धावले. मुलं अभ्यासिकांकडे, मुक्ता आणि मी तिच्या खोलीवर. खोलीतल्या मैत्रिणीनं दार उघडलं. शीतलची खाट नीट आवरलेली, उशाशी फोन वाजतोय, कारण मुक्ताच तो लावत होती. माझ्या मनात जे आलं ते मी इथं लिहिणार नाही. मुक्ता पुढे मेसकडे पळाली आणि मला म्हणाली, तुम्ही घरी थांबा, ती परत आली तर कुणीतरी हवं. भर सकाळी आमची ओळखीची पेठ मला परकी दिसत होती. कोपऱ्याकोपऱ्यावर पाल्याचे ढीग, एकाला कुणीतरी काडी लावलेली, धूर डोळ्यांत जात होता. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या चेहऱ्याकडे मी वेड्यासारखी बघत होते.

इमारतीत शिरून मी वर गच्चीपर्यंत गेले. दारातच थबकले. सगळे आपापल्या चपला घालून धावले होते आणि तिथं आपट्यांच्या चपलांशेजारी एकच जोड उरला होता. निळ्या पट्ट्याच्या, टाचेशी झिजलेल्या चपला शीतलच्या. म्हणजे ती अनवाणी गेली. अनवाणी मुलगी पेठेत किती लांब जाणार?

मी जिने उतरले, इतक्या वेगानं की गुडघ्यांनी नंतर आठवडाभर जाब विचारला. तळमजल्यावर जिन्याखाली एक अंधारी जागा आहे, तिथं आम्ही पाल्याची पोती रचून ठेवतो. तिथून कुरकुर असा बारीक आवाज आला. शीतल दोन पोत्यांच्या मध्ये बसली होती, गुडघे पोटाशी धरून. आम्ही सगळे तिच्या डोक्यावरून धडाधड उतरून तिला शोधायला गेलो होतो.

"अगं, आम्ही सगळीकडे..." मी म्हटलं.

"जाऊ कुठी काकू?" ती म्हणाली. "दुसरी जागा कुठी हाय मले?"

मी तिच्या शेजारी पोत्यावर बसले. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण आमच्याकडे ते पटकन जमत नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मग मी मुक्ताला फोन करून सांगितलं, सापडली, इथंच आहे. पलीकडून फक्त रडणं ऐकू आलं. मुक्ताही रडू शकते, हाही मला धक्काच होता.

"चल वर," मी शीतलला म्हटलं. "चपला राहिल्यात तुझ्या."

वर आलो. गच्चीवर आपटे एकटेच होते. चष्मा कपाळावर, शीतलच्या क्रेटसमोर मांडी घालून बसलेले. ते सुटलेलं वांगं पुन्हा फांदीला बांधत होते. गाठ बसत नव्हती. आमची चाहूल लागली तरी त्यांनी मान वर केली नाही.

"गाठ सैल होती," ते म्हणाले. "बाकी काम स्वच्छ आहे."

शीतल पुढे जाऊन खाली बसली, त्यांच्या हातातून दोरा घेतला. "असी नाही बांधत आबा," ती म्हणाली. "दोन पदर घ्या लागते." आणि तिनं बांधून दाखवली. आपट्यांनी नाक ओढलं आणि पाल्याची धूळ फार आहे असं काहीतरी म्हणाले.

एकेक करून मुलं परतली. कुणी काही विचारलं नाही. वार विसरणाऱ्या मुलानं जाऊन स्वतःच्या क्रेटमधली नावाची काडी उपटली आणि खिशात टाकली. मग दुसऱ्यानं. थोड्या वेळात एकाही क्रेटला नाव उरलं नाही. सूचनाफलकावरचा कागद आपट्यांनी स्वतः काढला. पहिल्या बक्षिसासाठी त्यांनी आणलेल्या स्टीलच्या डब्यात आता गच्चीवरच्या चहाची साखर असते.

बागेनं शीतल बरी झाली, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर मुक्ता रागावेल. डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, आठवड्याला मुक्ताकडे बसणं आहे, आणि आई मध्यंतरी महिनाभर येऊन राहिली होती. काही रविवारी शीतल येते पण कठड्याशीच उभी राहते, तेव्हा आम्ही तिला तसं उभं राहू देतो. या वर्षी परीक्षेला बसायचं की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. मी विचारलेलं नाही, पण हल्ली तिनं स्वतःहून सांगितलं तर नीट बसून ऐकते.

बांधलेली वांगी आम्ही काढली नाहीत. ती सुरकुतली, वाळली, गळून पडली, पाल्यात मिसळली. पावसाळ्याआधी झाड छाटलं, बुंध्याला नवे फुटवे आले. एका जुन्या फांदीवर तो हिरवा दोरा अजून आहे, दोन पदरी.

आज पोतं जिन्याखाली सारून मी वर गेले. शीतल आधीच येऊन पाणी घालत होती. सवयीनं माझे डोळे तिच्या झाडाकडे गेले आणि मी जागीच उभी राहिले. पानाआड एक वांगं होतं. लहानसं, लिंबाएवढं, फिक्या जांभळ्या रंगाचं. मी वाकले. चष्मा नव्हता. देठापाशी बोटं नेली, दोरा लागतो का पाहिलं. लागला नाही. तरी भरवसा वाटेना. मी वांगं चिमटीत धरलं आणि जरा ओढलं.

मागून पाण्याची बादली आदळल्याचा आवाज आला.

"सोडा न काकू!" शीतल ओरडली. "तुटन न ते!"